लसीला हवी शरीराची साथ : यौवनलोपी ग्रंथी आणि जस्त

“लस दिली होती, तरीही कोंबड्या मेल्या,” अशी तक्रार गावोगावी हिंडणाऱ्या कार्यकर्त्याच्या कानी वारंवार येते. एखाद्या घरी पन्नास पिल्ले आणलेली असतात; मानमोडीची, म्हणजेच राणीखेत रोगाची लस वेळेवर दिलेली असते; आणि तरीही साथ आली की निम्मी पिल्ले माना टाकतात. ज्या घरात अंडी विकून मीठ-मिरची व मुलांच्या वह्या येतात, तेथे हे नुकसान लहान नव्हे. त्याहूनही मोठे नुकसान पुढे होते. त्या घराचा आणि शेजारच्या दहा घरांचा लसीवरील विश्वास उडतो व पुढील वर्षी लसीकरणास कोणी पुढे येत नाही.

अशा वेळी दोष कोठे आहे, याचा शोध शांतपणे घ्यावयास हवा. लस उन्हात राहिली असेल, तिची मुदत संपलेली असेल, अथवा पाण्यातून देताना त्या पाण्यात जंतुनाशक असेल, तर ती निकामी होते. ही कारणे प्रथम तपासावीत. परंतु लस उत्तम आणि देण्याची रीतही बिनचूक असूनही ती वाया जाऊ शकते, याची जाणीव फार थोड्यांना असते. लस स्वतः रोगाशी लढत नाही. ती शरीराला रोगाची ओळख करून देते. लढावयाचे असते शरीरानेच. त्या लढतीची तयारी ज्या ठिकाणी होते, ते ठिकाणच खंगलेले असेल, तर ओळख करून देऊन उपयोग काय? हे ठिकाण म्हणजे यौवनलोपी ग्रंथी होय. शास्त्रीय भाषेत तिला थायमस म्हणतात. या ग्रंथीतून पाझरणाऱ्या एका सूक्ष्म द्रव्याचे आणि जस्त या धातूचे नाते कळले, तर पिल्लांच्या व वासरांच्या संगोपनातील पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो.

ग्रंथी कोठे असते?

वासराच्या शरीरात ही ग्रंथी मानेत श्वासनलिकेच्या दोन्ही बाजूंनी असते व तेथून खाली छातीत हृदयाच्या पुढील भागापर्यंत पसरलेली असते. कोंबडीत ती मानेच्या दोन्ही बाजूंस, मोठ्या रक्तवाहिनीलगत, मण्यांच्या माळेसारखी दिसते. प्रत्येक बाजूस साधारणतः सात फिकट रंगाचे तुकडे असतात. तिच्या नावातच तिचा स्वभाव सांगितलेला आहे. जन्मानंतरच्या वाढीच्या काळात ती जोमात असते आणि प्राणी वयात येऊ लागला, की ती हळूहळू लोप पावू लागते. म्हणजे तिचे मुख्य काम बालपणीचे आहे. बालपणी ते नीट झाले नाही, तर त्याची भरपाई पुढे सहसा होत नाही.

पक्ष्यांच्या शरीरात तिच्या जोडीला आणखी एक अवयव असतो. विष्ठाद्वाराच्या वरील बाजूस एक लहानशी पिशवी असते. इटलीतील शरीरशास्त्रज्ञ फॅब्रिशियस याने तिचे वर्णन केले व ते त्याच्या मृत्यूनंतर, १६२१ साली प्रसिद्ध झाले. तेव्हापासून तिला फॅब्रिशियसची पिशवी असे नाव पडले. मात्र तिचे कार्य काय, हे त्यानंतर तीनशेहून अधिक वर्षे कोणासही सांगता आले नाही.

कोंबडीने उलगडलेले कोडे

या कोड्याचे उत्तर कुक्कुटपालनाच्या शाळेतच मिळाले, हे शेतकऱ्यांनी आवर्जून ध्यानात ठेवावे असे आहे. अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठात ब्रूस ग्लिक हे पिल्लांची ही पिशवी काढून त्याचा काय परिणाम होतो, ते पाहत होते. वरवर पाहता पिल्लांना काहीच झाले नाही. ती वाढली, खाऊ-पिऊ लागली. त्यांचे सहाध्यायी टिमोथी चँग यांना वर्गात एक प्रयोग दाखवावयाचा होता. कोंबडीला जंतूंचे द्रव्य टोचले, की तिच्या रक्तात त्याविरुद्ध प्रतिद्रव्ये कशी तयार होतात, हे ते दाखविणार होते. त्यासाठी त्यांनी ग्लिक यांच्याच कोंबड्या घेतल्या. प्रयोग फसला; त्यांपैकी ज्या कोंबड्यांची पिशवी काढलेली होती, त्यांच्या रक्तात प्रतिद्रव्ये तयारच होईनात. फसलेल्या प्रयोगातूनच खरा शोध हाती आला. तो १९५६ साली कुक्कुटविज्ञानाच्या एका नियतकालिकात छापला गेला आणि वैद्यकाच्या जगाचे त्याकडे लक्ष जाण्यास आणखी काही वर्षे जावी लागली.

१९६१ साली लंडन येथे काम करीत असलेले जॅक मिलर यांनी नुकत्याच जन्मलेल्या उंदरांच्या पिलांची यौवनलोपी ग्रंथी काढून पाहिली. तोपर्यंत ही ग्रंथी निरुपयोगी आहे, असाच अनेक विद्वानांचा समज होता. मिलर यांच्या उंदरांची पिले काही आठवड्यांत खंगली, साध्या रोगांना बळी पडली आणि परक्या उंदराच्या कातडीचे ठिगळ लावले तरी त्यांच्या शरीराने ते परके म्हणून झिडकारले नाही. आपले कोण व परके कोण, ही ओळखच त्या शरीरांना उरली नव्हती. मोठ्या उंदरांची ग्रंथी काढली असता मात्र लगेच असे काही झाले नाही.

पुढे १९६५ साली अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात मॅक्स कूपर, रेमंड पीटरसन व रॉबर्ट गुड यांनी कोंबड्यांवरच प्रयोग करून दाखविले, की संरक्षणाची दोन दळे निरनिराळी आहेत. एक दल फॅब्रिशियसच्या पिशवीत तयार होते व प्रतिद्रव्ये बनविते. दुसरे यौवनलोपी ग्रंथीत तयार होते. आज साऱ्या जगात पहिल्या पेशींना बी पेशी व दुसऱ्यांना टी पेशी म्हणतात. त्यांतील ‘बी’ हे अक्षर कोंबडीच्या बर्सा, म्हणजे पिशवीवरून, आणि ‘टी’ हे थायमसवरून आलेले आहे.

तालीम आणि वस्ताद

यौवनलोपी ग्रंथीचे काम कुस्तीच्या तालमीच्या दृष्टांताने चांगले समजते. हाडांतील मगजात तयार झालेल्या कोवळ्या पेशी रक्तावाटे या ग्रंथीत येतात. येथे त्यांना दोन परीक्षा द्याव्या लागतात. परक्याला ओळखण्याची पात्रता आहे काय, ही पहिली. आणि स्वतःच्या शरीरावर तर उलटणार नाही ना, ही दुसरी. दोन्ही परीक्षा इतक्या कडक असतात, की आलेल्या पेशींपैकी बहुतेक सर्व तेथेच नष्ट होतात आणि थोड्या निवडक पेशी टी पेशी म्हणून बाहेर पडतात. त्यांपैकी काही पेशी रोगग्रस्त पेशींचा नाश करतात. काही बी पेशींना प्रतिद्रव्ये बनविण्यास साह्य करतात. तर काही लढाई हाताबाहेर जाऊ नये म्हणून आवर घालतात. लस दिल्यानंतर जी स्मृती शरीरात दीर्घकाळ राहते, तिलाही या पेशींचे साह्य लागते. तेव्हा प्रतिद्रव्ये जरी बी पेशी बनवीत असल्या, तरी टी पेशींवाचून त्यांचेही काम अपुरेच राहते.

तालमीत ज्याप्रमाणे वस्ताद, त्याप्रमाणे या ग्रंथीत काही रासायनिक द्रव्ये कोवळ्या पेशींना वळण लावतात. ही द्रव्ये पेप्टाइड या जातीची, म्हणजे ॲमिनो अम्लांच्या लहान साखळ्या आहेत. ॲमिनो अम्लांचे शेकडो मणी गुंफून प्रथिनाची मोठी माळ होते. पेप्टाइड ही तशीच, परंतु थोड्या मण्यांची माळ होय. १९६६ साली न्यूयॉर्क येथील ॲलन गोल्डस्टीन, ॲब्रॅहॅम व्हाइट व त्यांच्या सहकाऱ्यांनी वासराच्या ग्रंथीपासून काढलेल्या अशा अर्काला थायमोसिन हे नाव दिले. त्यातील अठ्ठावीस ॲमिनो अम्लांचे एक पेप्टाइड १९७७ साली ओळखले गेले. ते आता कृत्रिम रीत्या तयार केले जाते आणि काही देशांत माणसांच्या ‘ब’ प्रकारच्या जुनाट काविळीवर औषध म्हणून वापरले गेले आहे.

याच सुमारास पॅरिस येथे झाँ-फ्रान्स्वा बाक व मिरेय दार्देन यांनी त्याहूनही लहान, केवळ नऊ ॲमिनो अम्लांचे पेप्टाइड डुकराच्या रक्तातून वेगळे केले. त्याला आज थायम्युलिन म्हणतात. यौवनलोपी ग्रंथीच्या अस्तरातील पेशी ते बनवितात व ते रक्तात मिसळते. कोवळ्या पेशींना टी पेशींची लक्षणे प्राप्त करून देण्यास ते साह्य करते. शिवाय दाह वाजवीपेक्षा अधिक भडकू लागला, तर त्यास आवरही घालते, असे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसून आले आहे. केवळ प्रतिकार वाढविणे एवढेच नव्हे, तर तो योग्य मर्यादेत राखणे, हे त्याचे कार्य आहे. यालाच नियमन म्हणतात.

जस्ताची किल्ली

थायम्युलिनची सर्वांत महत्त्वाची गोष्ट १९८२ साली पुढे आली. या पेप्टाइडमधून जस्त काढून घेतले, की ते निष्क्रिय होते. जस्त परत दिले, की ते पुन्हा कामास लागते. पेप्टाइडच्या एका कणाला जस्ताचा एक कण पुरतो. पण तो एक कण नसेल, तर ते रक्तात असूनही नसल्यासारखेच. कुलूप आहे, दरवाजा आहे, पण किल्ली नाही, अशी ही अवस्था.

माणसांच्या बाबतीत याची प्रचीती डॉ. आनंद प्रसाद यांच्या कार्यातून आली. मूळचे बिहारमधील बक्सर येथील हे वैद्य. इराणमध्ये असताना, केवळ रोटीवर राहणाऱ्या व वाढ खुंटलेल्या तरुणांच्या मुळाशी जस्ताचा अभाव असावा, हा विचार त्यांनी १९६१ साली मांडला. पुढे अमेरिकेत त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेले काम १९८८ साली प्रसिद्ध झाले. आहारातील जस्त थोडेसेही उणे पडले, की रक्तातील थायम्युलिनची क्रियाशीलता घटते आणि जस्त दिल्यावर ती पूर्ववत होते, असे त्यात आढळून आले.

गोपालकांना यापेक्षाही बोलके वाटेल असे उदाहरण डेन्मार्कमधील आहे. तेथील काळ्या-पांढऱ्या फ्रीजियन रक्ताच्या गाईंत काही वासरे एक आनुवंशिक दोष घेऊन जन्मत. जन्मताना ती चांगली दिसत. महिना-दोन महिन्यांत त्यांचे केस गळू लागत, तोंडाभोवती व पायांवर खपल्या धरत, जुलाब व फुप्फुसाचे विकार मागे लागत आणि काही महिन्यांत ती दगावत. मेलेल्या वासरांची यौवनलोपी ग्रंथी अगदी खुरटलेली आढळे. शोधांती कळले, की या वासरांच्या आतड्यांना खाद्यातील जस्त नीट शोषून घेता येत नाही. जस्ताची जादा मात्रा पोटातून देताच तीच वासरे सुधारत आणि मात्रा थांबविली, की दुखणे उलटे. हा दोष विरळा आहे. परंतु जस्त, यौवनलोपी ग्रंथी व प्रतिकारशक्ती यांचे नाते त्याने स्पष्ट दाखवून दिले.

मातीपासून गव्हाणीपर्यंत

जस्त आकाशातून येत नाही. ते मातीतून पिकात आणि पिकातून गव्हाणीत येते. चुनखडीयुक्त, विम्लतेकडे झुकणाऱ्या काळ्या जमिनींत जस्त असूनही पिकाला ते सहज मिळत नाही. महाराष्ट्रात अशा जमिनी थोड्या नाहीत. १९६६ साली पंतनगर येथे डॉ. य. ल. नेने यांनी भातावरील ‘खैरा’ हा विकार रोग नसून जस्ताची उणीव आहे, हे दाखवून दिले, तेव्हापासून पिकांच्या बाबतीत ही गोष्ट सर्वमान्य झाली आहे. पिकावर जे दिसते, त्याचा पडसाद चाऱ्यावर व जनावरांवरही उमटू शकतो.

दुसरी अडचण धान्याची. मका व ज्वारी यांच्या एक किलो दाण्यात साधारणतः २० ते ३० मिलिग्रॅम जस्त असते, तर वाढत्या पिल्लाला एक किलो खाद्यामागे निदान ४० मिलिग्रॅम लागते. त्यातही दाण्यांतील फायटिक अम्ल जस्ताला जखडून ठेवते आणि खाद्यात शिंपल्यांचा चुरा किंवा चुनखडी प्रमाणाबाहेर असेल, तर ही जखडण आणखी घट्ट होते. अंड्यावरील कोंबड्यांचे खाद्य लहान पिल्लांना घालू नये, याचे हेही एक कारण आहे. रवंथ करणाऱ्या मोठ्या जनावरांच्या पोटातील सूक्ष्म जीव फायटिक अम्ल फोडू शकतात, म्हणून गाई-म्हशींना दाण्यांतील या जखडणीचा त्रास कमी होतो. पण निकस कडब्यावरच दिवस काढणाऱ्या जनावरांना मुळात जस्त मिळतेच थोडे.

पिल्लांची पिसे विरळ व फाटकी येणे, पायाची हाडे आखूड व जाड होणे, पायाची कातडी खवलेदार होणे. वासरांचे केस गळणे, तोंडाभोवती व कानांवर खपल्या धरणे, जखमा लवकर न भरणे, ही जस्ताच्या उणिवेची लक्षणे होत. तथापि गोचीड, खरूज व जंत यांमुळेही यांपैकी काही लक्षणे दिसतात. यास्तव पशुवैद्यकास दाखविल्याशिवाय निदान करू नये.

ग्रंथी खंगविणारी इतर कारणे

जस्ताचा अभाव हे एकच कारण नव्हे. १९३६ साली हान्स सेल्ये यांनी दाखविले, की उंदरांना थंडी, इजा, अतिश्रम असा कोणताही जबर ताण पडला, तर त्यांची यौवनलोपी ग्रंथी आक्रसते. दूरच्या प्रवासात खोक्यात कोंबलेली, रात्री उबेवाचून कुडकुडणारी किंवा दुपारच्या उन्हात पाण्यावाचून राहिलेली पिल्ले याच ताणातून जातात. उपासमारीने तर ही ग्रंथी इतर अवयवांच्या आधी रोडावते.

बुरशी हा दुसरा छुपा शत्रू आहे. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले. ब्राझीलमधून आलेल्या भुईमूग पेंडीवरील बुरशीचे विष त्यास कारण होते. या विषाला अफ्लाटॉक्सिन म्हणतात. मोठ्या प्रमाणात ते यकृत बिघडवून मारते. अल्प प्रमाणात मारीत नाही, पण यौवनलोपी ग्रंथी व फॅब्रिशियसची पिशवी खंगविते. अशी पिल्ले वरून बरी दिसतात, लस मात्र त्यांना लागू पडत नाही.

तिसरे कारण रोगांचेच. अमेरिकेतील गंबोरो या गावावरून नाव पडलेला रोग तीन ते सहा आठवड्यांच्या पिल्लांच्या फॅब्रिशियसच्या पिशवीवर घाला घालतो. मॅरेक्स रोग यौवनलोपी ग्रंथीलाही सोडत नाही. यांतून वाचलेली पिल्ले पुढे मानमोडीला सहज बळी पडतात.

काय करावे?

(१) पिल्ले आणण्यापूर्वी उबेची सोय करावी. पहिल्या आठवड्यात ३५ अंश सेल्सिअस उष्णता असावी व पुढे दर आठवड्यास ती सुमारे तीन अंशांनी कमी करावी. पिल्ले दिव्याखाली दाटून बसली, तर थंडी आहे. कडेला पांगून धापा टाकू लागली, तर उष्णता जास्त आहे, असे समजावे.

(२) पहिले आठ आठवडे केवळ कण्या किंवा मका न घालता पिल्लांचे संतुलित खाद्य द्यावे. पोत्यावरील चिठ्ठीत खनिजे घातल्याचा उल्लेख आहे की नाही, ते पाहावे.

(३) खाद्य फळ्यांवर, भिंतीपासून दूर व कोरड्या जागी ठेवावे. पावसाळ्यात पंधरा दिवसांपुरतेच आणावे. गाठी धरलेली, कुबट वास येणारी पेंड कोंबड्यांना, वासरांना वा दुभत्या जनावरांना, कोणासही घालू नये.

(४) लस निरोगी व स्वस्थ पिल्लांनाच द्यावी. प्रवासातून आलेल्या दिवशी देऊ नये. मानमोडीची पहिली लस पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात वा नाकात थेंब सोडून देतात. पुढील मात्रा व गंबोरोची लस पशुवैद्यकीय दवाखान्याच्या वेळापत्रकाप्रमाणे द्यावी. लस बर्फात आणावी व थंड वेळी वापरावी.

(५) वासराला जन्मल्यानंतर तासाभरात चीक पाजावा आणि पहिल्या दिवसात त्याच्या वजनाच्या सुमारे एक दशांश इतका चीक पोटात जाईल असे पाहावे. चिकातून आईची तयार प्रतिद्रव्ये मिळतात. वासराचे स्वतःचे दल तयार होईपर्यंत तीच त्याची ढाल आहे. चोवीस तासांनंतर ही प्रतिद्रव्ये आतड्यातून रक्तात शिरू शकत नाहीत.

(६) चारा खाऊ लागलेल्या वासरास रोज २० ते २५ ग्रॅम चांगले खनिज मिश्रण खुराकातून द्यावे. जंताचे औषध पशुवैद्यकाच्या सल्ल्याने पहिल्या पंधरवड्यापासूनच सुरू करावे.

(७) मातीची तपासणी करून घ्यावी. उपलब्ध जस्त एक किलो मातीत ०.६ मिलिग्रॅमपेक्षा कमी आढळल्यास हेक्टरी २० ते २५ किलो झिंक सल्फेट जमिनीत मिसळावे. ते स्फुरदयुक्त खतात एकत्र करू नये. शेणखताने जस्ताची उपलब्धता वाढते.

सावधगिरी

जस्त गुणकारी आहे म्हणून ते मनमानी देणे घातक आहे. अधिक जस्तामुळे शरीरात तांब्याचे शोषण कमी होते व नवीनच दुखणे उद्भवते. शेतीसाठी आणलेले झिंक सल्फेट जनावरांच्या खाद्यात कदापि घालू नये. त्यात शिसे व कॅडमियम यांसारखे विषारी धातू असू शकतात. तसेच ‘प्रतिकारशक्ती वाढविणारी’ म्हणून बाजारात येणारी महागडी चूर्णे व थेंब यांच्या नादी शेतकऱ्याने लागू नये. यौवनलोपी ग्रंथीचे पेप्टाइड विकत आणून पिल्लांना पाजावयाची गरज नाही; ते पोटात पचून जाईल. निरोगी पिल्लाची ग्रंथी ते स्वतःच बनविते. तिला पोटभर चांगले खाद्य, योग्य प्रमाणात जस्त व स्वस्थता एवढेच हवे असते.

कार्यकर्त्यांची जबाबदारी

लस देऊनही मर झाली, तर ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने किंवा पशुसखीने तो विषय दैवावर सोडू नये. पिल्लांचे वय, लसीची तारीख, लस कशी आणली, खाद्य कोणते व कोठे ठेवले होते, हे लिहून घ्यावे व त्वरित पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे. शवचिकित्सा करताना पशुवैद्यक मानेतील ग्रंथी व फॅब्रिशियसची पिशवी तपासतात. त्यांच्या आकारावरून व त्यांच्यातील बदलांवरून त्यांना पुष्कळ बोध होतो. मेलेली कोंबडी गावात कोणीही स्वतः चिरू नये आणि खाऊ नये. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे बर्ड फ्लूचा उद्रेक झाला होता, हे विसरता कामा नये.

शेतकऱ्याला पेरणीचे रहस्य नव्याने सांगावे लागत नाही. बी कितीही उत्तम असले, तरी जमिनीची मशागत झालेली नसेल, तर ते उगवून येत नाही. लस हे बी आहे आणि पिल्लाचे वा वासराचे शरीर ही जमीन. या जमिनीची मशागत पहिल्या काही आठवड्यांतच करावयाची असते, कारण जी ग्रंथी ती करते ती यौवनाबरोबर लोप पावते. तो हंगाम साधला, तर लस आपले काम केल्यावाचून राहणार नाही आणि लसीवरील गावाचा विश्वासही टिकून राहील.